दोन दिवसांची दाढी

ज्या माणसाचा सगळा जन्म बोलण्यात गेला, त्याला रोज सकाळी तोंड मिटून बसायला लावायचं, ही शिक्षा ज्याने कोणी शोधून काढली त्याला माझा साष्टांग नमस्कार. मी दाढी-कटिंगच्या धंद्यातला. आमचा हात आणि तोंड एकदमच सुरू होतात. गालाला फेस लागायच्या आत मला गिऱ्हाइकाच्या साडूचं भांडण, ऑफिसातला खडूस साहेब आणि मुलीचं अडलेलं लग्न, सगळं ठाऊक झालेलं असायचं. माणसं माझ्याकडे दाढीला यायची आणि मन मोकळं करून जायची. दाढीचे पैसे घ्यायचो, बाकीचं फुकट.

तर असा मी, आणि ते व्यसनमुक्ती केंद्र. लांबट खोली, भिंतीला टेकून खुर्च्या, टोकाला जाळीची खिडकी. खिडकीपलीकडून सिस्टर गोळी देते. ती जिभेखाली ठेवायची आणि विरघळेपर्यंत गप्प बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही, पाणी प्यायचं नाही. बोललं की थुंकी सुटते, थुंकीबरोबर गोळी पोटात जाते आणि पोटात गेली की वाया जाते. शेवटी सिस्टर टॉर्च घेऊन येते, म्हणते, आ करा, जीभ वर करा. मग सुटका.

गोळी कशासाठी, तेही सांगतो. दिवसभर उभं राहून पाठ गेली. पाठीसाठी कॅप्सूल सुरू केली. आधी दुखलं की घ्यायचो, मग दुखेल म्हणून घ्यायचो, मग दुखणं कुठल्या कुठे राहिलं आणि कॅप्सूल तेवढी उरली. ती मिळाली नाही की हाताची बोटं आपापल्या मर्जीने चालायची. दुकानाच्या मालकाने आधी माझ्या हातातून वस्तरा काढून घेतला, मग पायाखालची जागा. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, पण त्याचा राग यायचा तो आलाच.

केंद्रात आम्ही रोज तीच माणसं. एक आडदांड ड्रायव्हर, नेहमी इस्त्रीच्या शर्टात. एक बाई, शाळेत शिकवत असाव्यात, सतत स्वतःच्या चपलांकडे बघत. आणखी दोघं-तिघं. बोलता येत नाही म्हणून मी सगळ्यांची डोकी बघत बसायचो. ड्रायव्हरच्या मानेवरची कटिंग इतकी वाकडी होती, की हा खून कोणी केला म्हणून विचारायला जीभ शिवशिवायची, पण जिभेखाली गोळी. आणि गोळी विरघळली की जो तो असा झटकन निघून जायचा, जणू लग्नात जेवून आहेर न देता पळतोय. रोज एकमेकांची तोंडं बघणारी माणसं, पण ओळख कोणालाच नको होती. मी बाहेर पायरीवर एकदा ड्रायव्हरला म्हणालो, "काय म्हणता?" तो म्हणाला, "काही नाही," आणि गेला. त्यानंतर मीही नाद सोडला.

उरलेला दिवस काम शोधण्यात जायचा. आमच्या धंद्यात बातमी केसांपेक्षा लवकर वाढते. ज्या दुकानात जावं तिथे माझ्या आधी माझी कीर्ती पोचलेली. मालक चहा पाजायचे, पाठीची चौकशी करायचे आणि म्हणायचे, "कळवतो." मग मी खोलीवर यायचो. खोलीत एक खाट, एक आरसा आणि हत्यारांची पिशवी. आरशासमोर बसून मी त्या दिवशीचं सगळं मोठ्याने सांगायचो. आरशाने कधी उत्तर दिलं नाही तेच बरं. दिलं असतं तर आणखी एक डॉक्टर गाठावा लागला असता.

रविवारी ताईचा फोन यायचा. आई गेल्यावर हिनेच मला मोठं केलं. पण तिच्या घरी जायची मला बंदी होती. भावोजींचं म्हणणं सरळ होतं, कामाला लागला की खुशाल येऊ दे, तोवर नको. ते उगाच म्हणत नव्हते. ताई फोनवर इकडचं तिकडचं विचारायची आणि शेवटी हळूच म्हणायची, "काही जमलं का रे?" मी म्हणायचो, "जमेल." फोन ठेवल्यावर खोली आधीपेक्षा मोठी वाटायची. ताईच्या घरी, सगळ्यांच्या पंगतीत बसून एकदा जेवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. कामाची खटपट त्याच्यासाठीच चालली होती म्हणा ना.

मग गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एक दुकान सापडलं, जिथे मला कोणी ओळखत नव्हतं. तीन खुर्च्या, त्यातली एक रिकामी. शेठ सत्तरीचा, पांढरेशुभ्र केस, गळ्याला आडव्या खोल वळ्या आणि जबड्याखाली एक तीळ. दाढी करणाऱ्याची परीक्षा बघायलाच देवाने असा गळा घडवलेला असतो.

"वस्तरा येतो का नुसती मशीन फिरवतोस?"

"वस्तरा आधी शिकलो, मशीन नंतर."

"सगळे असंच सांगतात. परवा सकाळी दुकान उघडताना ये. माझी दाढी करायची."

"आत्ताच करतो की शेठ."

त्याने गालावरून हात फिरवला. "ही आज सकाळचीच आहे. कोवळ्या दाढीवर कोणीही हात दाखवेल. दोन दिवस वाढू दे. या दुकानात जो वस्तरा धरतो, तो आधी माझ्या गळ्यावर धरतो. माझ्या बापाने घालून दिलेली पद्धत आहे. मी जिवंत बसलोय म्हणजे आतापर्यंतची माणसं बरी निघाली."

मी हसलो. दुकान उघडायचं सातला आणि केंद्र नऊला. सकाळी गोळी जायच्या आधी मी कसा असतो हे मला माहीत होतं. जांभयांवर जांभया, नाक गळतंय, अंगाला घाम, आणि बोटं ताब्याबाहेर गेलेली. त्या बोटांनी त्या वळ्या आणि तो तीळ. विचार करूनच हात खिशात गेले.

दुसऱ्या दिवशी केंद्रात गेल्या गेल्या मी सिस्टरला गाठलं.

"सिस्टर, उद्याची गोळी आजच द्या ना बरोबर. कामाचं जमतंय."

"अजून नाही देता येणार. नियमित येताय, चांगलं आहे, पण घरी न्यायला द्यायला अजून वेळ आहे."

"एकाच दिवसाचं आहे."

"मग त्यांना सांगा, नऊनंतर येतो म्हणून."

"का म्हणून विचारतील."

"मग का ते सांगा."

सिस्टरला काय जातंय सांगायला. तिच्या हातात टॉर्च, माझ्या हातात वस्तरा. टॉर्चवाल्याच्या पूर्वायुष्याची चौकशी कोणी करत नाही. मी मान डोलावली, गोळी घेतली आणि माझ्या खुर्चीत जाऊन बसलो.

त्या दिवशी ती गोळी मी जिभेखाली राहू दिली नाही. टॉर्चला कशी चकवली ते सांगत नाही, ती काही पुढच्या पिढीला द्यायची विद्या नाही. बाहेर येऊन नव्या ब्लेडवरचा कागद काढला, त्यात ती अर्धवट भिजलेली गोळी गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली. मला वाटलं, काय हुशार आहे मी. दुपारपर्यंत हुशारी जिरली. संध्याकाळी अंगाची अशी लाही झाली, की दहादा खिशाला हात लावला. मी खाटेची पट्टी धरून पडून राहिलो. इतकी वर्षं मी लोकांच्या गळ्यांशी काय खेळ केला होता हे त्या दिवशी मला कळलं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी मी तोच खेळ करायला निघालो.

सकाळी खोलीवरच गोळी जिभेखाली ठेवली. कागदाला चिकटून ती चिवट झाली होती, विरघळेना. चालत चालत दुकानापर्यंत आलो. हात बऱ्यापैकी ताब्यात आला होता, पण जिभेखाली अजून चिकट चतकोर शिल्लक होता. शेठ खुर्चीत बसून तयार. गालावर पांढरे खुंट उभे, मीठ सांडल्यासारखे.

"ये. आधी कुठे होतास कामाला?"

मी हाताने मागे कुठेतरी दाखवलं आणि "हं" केलं. बोलायची चोरी. गरम पाण्याचा टॉवेल लावला, ब्रशने फेस काढला. त्याने मला घर कुठे, मुलंबाळं किती, गाव कोणतं, सगळं विचारलं. माझ्या धंद्यात हे प्रश्न मी विचारायचे असतात. मी नुसता "हं" आणि "अं" करत राहिलो. सुलटा हात मारला, मग गळ्याची कातडी बोटाने ताणून वळ्यांमधून उलटा. तिळाशी आलो तेव्हा मी श्वास धरला होता. वस्तरा तिळाला वळसा घालून गेला. तुरटी फिरवली, कुठेही लाल ठिपका नाही.

शेठने आरशात हनुवटी वर करून पाहिलं. गाल, गळा, कानामागे, सगळीकडे हात फिरवला.

"हात लोण्यासारखा आहे," तो म्हणाला. "आणि मुख्य म्हणजे तोंड बंद आहे. आधीचा बोलून बोलून गिऱ्हाईक पळवायचा. मी म्हणतच होतो, एखादा मुका कारागीर मिळाला तर बरं. उद्या याच वेळेला ये, खुर्ची तुझी."

आयुष्यात पहिल्यांदा मला न बोलण्याबद्दल शाबासकी मिळाली. मी वाकून नमस्कार केला, तोही मुक्यानेच. बाहेर आलो, जिभेखालचा शेवटचा कण विरघळल्यावर ताईला फोन लावला.

"ताई, लागलं काम."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. "खरं ना रे?"

"शेठची दाढी करून आलो आत्ताच. उद्यापासून ये म्हणाला."

"मग संध्याकाळी जेवायला ये. ह्यांना मी आत्ता सांगते. उशीर करू नकोस, गरम गरम वाढेन." तिचं बोलणं थांबेना. बोलायचा रोग आमच्या घराण्यातच आहे. मी रस्त्यात उभा राहून ऐकत होतो आणि मला इतकं बरं वाटलं, की येणाऱ्या-जाणाऱ्याला धरून सांगावंसं वाटत होतं. पण कोणाला सांगणार.

मग केंद्रात गेलो. खिडकीशी हात पुढे केला. सिस्टरने गोळी दिली नाही. माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

"आज जांभया नाहीत," ती म्हणाली. "नाक गळत नाही. डोळे स्वच्छ. सकाळी येताना रोज तुमचा अवतार कसा असतो माहीत आहे ना? कालची गोळी कुठे गेली?"

इतकी थापाड्याची जीभ, पण त्या दिवशी तिला काही सुचलं नाही. "आज सकाळी घेतली," मी म्हणालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने खिडकीच्या फळीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "आजची मिळणार नाही, एकावर एक देता येत नाही. उद्यापासून तुम्हाला कुटून देईन, पूड. माझ्यासमोर बसायचं. पुन्हा असं झालं तर माझ्या हातात राहणार नाही. आणि एक विचारू? उद्या सकाळी काय करणार होतात? आणि परवा?"

परवाचा विचार मी केलाच नव्हता. चोरून ठेवलेली एक गोळी एका सकाळी पुरली. दुकान रोज सातला उघडणार आणि केंद्र रोज नऊला. मधल्या दोन तासांसाठी मला पुन्हा त्याच माणसाकडे जावं लागलं असतं जो कॅप्सूल विकतो. त्याची गल्ली दुकानाच्या वाटेवर नव्हती, पण मी वाट वाकडी केली असती, मला मी माहीत आहे.

दुपारी दुकानात गेलो. एक गिऱ्हाईक दाढी करून उठत होतं. शेठ गल्ल्यामागे बसून पेपर वाचत होता. मला बघून खूश झाला.

"आजच आलास? बरं केलंस, हत्यारं ठेवून जा."

"शेठ, मला सकाळी नऊनंतरच जमेल. साडेनऊ होतील."

"अरे, तुला बोलता येतं की." तो हसला. "का रे? घरी कोणी आजारी आहे का? बायको?"

बघा, थाप किती आयती हातात दिली त्याने. हो म्हणालो असतो तर काम झालं असतं. आजारी बायकोसाठी कोण नाही म्हणतो? संध्याकाळी ताईकडे जेवलो असतो. माझ्या जिभेवर हो आलं होतं. पण मी त्याच्याकडे बघत होतो आणि सकाळी मी तासलेला तो गळा माझ्यासमोर होता, गुळगुळीत, वळ्यांसकट. एखाद्या सकाळी केंद्र बंद असेल, एखाद्या सकाळी मला उशीर होईल, आणि माझा हात अशाच कुठल्यातरी गळ्यावर असेल. तेव्हा बायको आजारी आहे हे सांगून काय उपयोग?

"बायको नाही मला," मी म्हणालो. "मीच आजारी आहे. मला औषधांचं व्यसन होतं. ते सोडवण्यासाठी रोज सकाळी केंद्रात जाऊन गोळी घ्यावी लागते. ती घेतल्यावर हात आज सकाळी होता तसा असतो. घ्यायच्या आधी नसतो. म्हणून नऊनंतर."

शेठने पेपर खाली ठेवला. त्याचा उजवा हात वर आला आणि गळ्यावर जाऊन बसला, तिळावर, सगळा पंजा. त्याने तो मुद्दाम ठेवला नाही, त्याला ते कळलंही नसावं. मला मात्र दिसलं. मी आरशातही बघितलं, तिथेही तेच.

"आज सकाळी घेतली होतीस?" त्याने विचारलं.

"होती."

"आणि नसती घेतली तर?"

"तर आलो नसतो," मी म्हणालो, आणि हे खरं आहे का ते मला आजही माहीत नाही.

माणूस वाईट नव्हता. वाईट असता तर मला सोपं गेलं असतं. "माझं मन घेत नाही रे," तो शेवटी म्हणाला. "गिऱ्हाइकांचं जाऊ दे, मीच तुझ्यासमोर बसू शकणार नाही."

"सकाळी बसलात की."

"तेव्हा मला माहीत नव्हतं."

"हात तोच होता, शेठ."

त्याने मान हलवली, हो म्हणून का नाही म्हणून ते कळलं नाही. पंजा अजून गळ्यावरच होता. मी पिशवी उचलली आणि बाहेर पडलो.

रस्त्यात माणसं चालली होती, दुकानं उघडी होती, आणि मी एवढं मोठं खरं बोलून आलो होतो तर ते सांगायला एक माणूस नव्हता. मला मोठ्याने रडावंसं वाटलं. ते जमेना, म्हणून एका बंद शटरच्या पायरीवर बसलो आणि ताईला फोन लावला.

"निघालास का?" तिने विचारलं. "लवकर ये, स्वयंपाक होत आलाय."

"येत नाही ताई. काम गेलं."

"सकाळी लागलं आणि दुपारी गेलं?"

"मीच घालवलं. गोळीचं सांगून टाकलं शेठला."

पलीकडे भांड्याचा आवाज झाला. मागून भावोजींचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि ताई म्हणाली, "कोणी नाही."

तेवढं मला नीट ऐकू आलं. मग दार लोटल्याचा आवाज, आणि तिचा आवाज बारीक झाला. "मग आज नको येऊस. मी ह्यांना सकाळीच सांगून बसले रे, हौसेने. आता काय तोंडाने सांगू?"

"नाही येत. म्हणून तर फोन केला."

मला वाटलं ती फोन ठेवेल. मीच ठेवणार होतो.

"कशाला सांगितलंस पण?" ती म्हणाली.

"त्याचा गळा होता ताई."

तिचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "ते तुझं केंद्र का काय, ते सकाळी किती वाजता असतं?"

"नऊला. का?"

"हे साडेआठला बाहेर पडतात. मी येते उद्या."

"तू येऊन काय करणार? तिथे बोलायचं नसतं. विरघळेपर्यंत नुसतं बसायचं."

"मग बसेन मी पण. लहानपणापासून तुझी बडबड ऐकून कान किटलेत माझे," ताई म्हणाली. "एक दिवस तरी तुला गप्प बसलेला बघू दे."